पाण्याच्या धारेवर ठेवलेला भरवसा: रॉकेलवरच्या एका जुन्या आउटबोर्ड इंजिनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण वाघोटण खाडीच्या काठावरील एका गावातले आहे. खाडीच्या दक्षिणेला देवगड तालुका आणि विजयदुर्ग, उत्तरेला राजापूर तालुका, आणि दोन्ही काठांवर मासेमारी करणारी कुटुंबे. संबंधितांची ओळख उघड होऊ नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांना गावात ज्या नावाने हाक मारतात त्याच 'अण्णा' या सर्वसाधारण नावाने येथे संबोधले आहे, आणि इंजिनाच्या मालकाला नुसते 'मालक' म्हटले आहे. प्रस्तुत लेखक रविवारी अण्णांच्या हाताखाली पाने-पक्कड देण्याचे काम करीत असे. पुढचा तपशील त्या वेळी ठेवलेल्या वहीवरून घेतला आहे.

अण्णा एसटीच्या आगारातील वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक आहेत. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या मागच्या पडवीत जुनी आउटबोर्ड इंजिने, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायची इंजिने, दुरुस्त करण्याची हौस धरली. हौस हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे, कारण ते मजुरी घेत नाहीत, फक्त सुट्या भागांचे पैसे मालकाने द्यायचे असतात. या प्रकरणाआधी त्यांनी पाच इंजिने चालू केली होती. ती पाचही पेट्रोलवरची आणि तुलनेने अलीकडच्या काळातली होती.

सहावे इंजिन वेगळे होते. मालकाच्या वडिलांनी १९८६ साली घेतलेले ते जपानी बनावटीचे, ८ अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे टू-स्ट्रोक यंत्र रॉकेलवर चालणारे होते. अशी इंजिने एके काळी किनाऱ्यावर सर्रास दिसत, कारण रेशनवर मिळणारे रॉकेल पेट्रोलच्या मानाने फार स्वस्त पडे. ती चालवण्याची रीत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगायला हवी. इंजिन आधी पेट्रोलवर सुरू करायचे, तापले की तोटी फिरवून रॉकेलवर न्यायचे, आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणून कार्ब्युरेटरमधले रॉकेल संपवायचे. हे शेवटचे काम विसरले तर दुसऱ्या दिवशी थंड इंजिन दोरी ओढून ओढून खांदा निखळला तरी पेटत नाही. रॉकेल लवकर आपोआप पेट घेते आणि त्यामुळे ठोका बसतो, म्हणून या इंजिनांचे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मुद्दाम कमी ठेवलेले असते. ही गोष्ट पुढे इंधनाचा निर्णय घेताना कामाला आली.

वडील वारले त्या वर्षी, २००९ मध्ये, इंजिन शेवटचे चालले. त्यानंतर ते गोड्या पाण्याने न धुताच माळ्यावर गेले आणि पंधराहून अधिक वर्षे सुक्या जाळ्यांखाली पडून राहिले. ऑक्टोबरात मालकाने ते हातगाडीवर घालून अण्णांकडे आणले.

समस्या

पहिल्या दिवशी तीन गोष्टी दिसल्या. फ्लायव्हील तसूभरही हलत नव्हते, म्हणजे इंजिन जाम होते. गिअरबॉक्सच्या तळाचा स्क्रू काढल्यावर तेलाऐवजी दुधाळ चहासारखा पातळ पदार्थ बाहेर आला, म्हणजे आत पाणी शिरले होते. ज्या ठिकाणी जस्ताचा तुकडा असायला हवा होता तेथे नुसता गंजलेला बोल्ट उरला होता. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या अंगाऐवजी आधी स्वतः झिजावे एवढ्यासाठीच तो तुकडा बसवलेला असतो. तो संपल्यावर कोणी बदलला नव्हता, आणि त्यापुढची झीज इंजिनाच्या अंगाने सोसली होती.

पाण्यात फिरणारा पंखा (प्रॉपेलर) काढल्यावर गिअरबॉक्समधल्या पाण्याचे कारण सापडले. पंख्याच्या मागे शाफ्टवर तंगुसाचा (जाळ्याच्या नायलॉनचा) दोरा गुंडाळला गेला होता आणि त्याने ऑइल सीलचा ओठ करवतीसारखा कापला होता. जाळ्यांच्या किनाऱ्यावर हा रोग इतका नेहमीचा आहे की अण्णा कोणतेही इंजिन आले की आधी पंखाच काढतात.

खरी समस्या मात्र यंत्राच्या बाहेरची होती आणि ती पहिल्या दिवशी कोणी नीट मांडली नाही. मालक म्हणाला, "ह्या चालू झाला म्हणजे बस." चालू होणे म्हणजे पिंपात धूर काढणे, खाडीत फिरणे, की समुद्रात पात (लहान होडी) घेऊन जाणे, हा प्रश्न विचारला गेला नाही. त्याचा परिणाम पुढे दिसेल.

विचारात घेतलेले पर्याय

भंगारात देणे हा पर्याय मालकाने पहिल्या वाक्यातच मोडीत काढला. स्वच्छ करून, रंगवून ओटीवर ठेवायचे असे त्याच्या घरच्यांचे मत होते, आणि आज मागे वळून पाहता त्या मतात काही चूक नव्हती. तिसरा पर्याय असा होता की त्याच जातीचे दुसरे बंद पडलेले इंजिन स्वस्तात मिळवावे आणि दोहोंतून एक उभे करावे. अण्णांनी मालवण आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात चौकशी केली. एक इंजिन मिळाले, पण त्याचा ब्लॉक तडकलेला होता. तडकलेल्या ब्लॉकसाठी पैसे घालणे त्यांना पटले नाही.

शेवटी चौथा पर्याय ठरला: हेच इंजिन उघडायचे, मूळ भाग शक्य तितके राखायचे आणि फक्त झिजणारे भाग नवे घालायचे. नव्या इंजिनाची किंमत लाखाच्या पुढे जाते. त्या तुलनेत हा खर्च कमी होईल असा अंदाज होता आणि तो बरोबर ठरला, पण ज्या मार्गाने ठरला तो मार्ग अपेक्षित नव्हता.

पहिला निर्णय: जोर की वेळ

जाम इंजिन मोकळे करण्याचा सोपा वाटणारा मार्ग म्हणजे फ्लायव्हीलच्या नटाला मोठा पाना लावून, पान्याच्या दांड्यात पाइप घालून जोर लावणे. मालकाचा पुतण्या त्यासाठी पाइप घेऊनच आला होता. अण्णांनी त्याला थांबवले. अशा लहान टू-स्ट्रोक इंजिनांचा क्रँकशाफ्ट अखंड नसून दाबून बसवलेल्या तुकड्यांचा असतो. एका टोकाला पिळले आणि दुसरे टोक जाम असले, तर पिस्टन सुटण्याआधी क्रँकचे तुकडेच एकमेकांवर फिरतात, आणि मग इंजिन मोकळे होऊनही कायमचे बाद होते.

त्यांनी इंजिन आडवे करून हेड, म्हणजे सिलिंडरांचे तोंड बंद करणारा भाग, आकाशाकडे येईल असे लाकडी घोडीवर बांधले. आउटबोर्ड उभे असताना सिलिंडर आडवे असतात, त्यामुळे उभ्या इंजिनाच्या प्लगच्या भोकात ओतलेले तेल पिस्टनवर राहत नाही, ते परत बाहेर येते. ही साधी गोष्ट लक्षात न घेता आठवडाभर तेल ओतत बसलेली माणसे लेखकाने पाहिली आहेत. डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचे तेल समसमान घेऊन दोन्ही सिलिंडरांत भरले आणि नऊ दिवस ठेवले. रोज सकाळी तेलाची पातळी पाहिली जाई. वरच्या सिलिंडरमधली पातळी तिसऱ्या दिवसापासून उतरू लागली, खालच्याची मात्र तशीच राहिली. म्हणजे अडकलेला पिस्टन खालचा होता, आणि ते साहजिकही होते, कारण एक्झॉस्टच्या (धूर बाहेर जाण्याच्या) वाटेने आलेला खारा दमट वारा आधी त्यालाच गाठतो.

दहाव्या दिवशी हेड उघडायला घेतले. ६ मिलिमीटरचे आठ बोल्ट होते. पाच सुटले, सहावा गॅसच्या ज्योतीने तापवल्यावर सुटला आणि उरलेले दोन तुटले. लोखंड आणि ॲल्युमिनियम खाऱ्या दमटपणात एकत्र राहिले की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी तयार होते आणि ती बोल्टला सिमेंटसारखी धरते. तापवण्यामागचे कारण असे की त्याच उष्णतेला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते आणि पकड सैल होते. मात्र ॲल्युमिनियम लोखंडासारखे लालबुंद होऊन इशारा देत नाही. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते, मिश्रधातू त्याहूनही आधी, आणि तोवर त्याचा रंग जवळजवळ तसाच दिसतो. त्यामुळे ज्योत एका जागी धरायची नाही, फिरती ठेवायची.

तुटलेल्या दोन बोल्टांपैकी एकाच्या बुंध्यावर नट वेल्ड करून तो काढता आला. दुसऱ्याला भोक पाडताना ड्रिल मध्यापासून सरकला आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले. ते काम पुढे कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून निस्तरले. अण्णांच्या मनावर या एका बोल्टाचा परिणाम झाला, आणि या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय त्या परिणामातून निघाला असे लेखकाचे मत आहे.

हेड निघाल्यावर खालच्या पिस्टनवर फणसाच्या लाकडाचा ठोकळा ठेवून रबरी हातोडीने हलके ठोके दिले. चौथ्या ठोक्याला तो केसभर सरकला. त्यानंतर फ्लायव्हील हाताने मागे-पुढे करीत तासाभरात पूर्ण फेरा झाला.

दुसरा निर्णय: बोअर करायचे की नाही

वरचा सिलिंडर आरशासारखा होता. खालच्यात गंजाचे बारीक खड्डे होते, त्यांतले बहुतेक पिस्टन रिंगांच्या वाटेबाहेर, पण दोन-तीन वाटेतच. दोन मार्ग होते. लोखंडी स्लीव्ह (सिलिंडरचे आतले अस्तर) कोरून मोठी करून, म्हणजे बोअर करून, वाढीव मापाचे पिस्टन घालायचे, किंवा नुसते होनिंग करून, म्हणजे घासदगड फिरवून पृष्ठभाग ताजा करून, मूळ मापाच्या नव्या रिंगा घालायच्या.

अण्णांनी दुसरा मार्ग निवडला. मूळ पिस्टन राखावेत असे त्यांना वाटत होते, आणि बोअर करायला ब्लॉक घेऊन करूळ घाट चढून कोल्हापूर गाठणे म्हणजे एक पूर्ण दिवस जाणार होता. (गंमत अशी की त्याच हेलिकॉइलसाठी तो दिवस नंतर गेलाच, आणि ब्लॉक त्या वेळी लेथवाल्याच्या टेबलावरच होता.) जोडणी झाल्यावर कॉम्प्रेशन मोजले तेव्हा वरच्या सिलिंडरचे ८२ पौंड (प्रति चौरस इंच) आणि खालच्याचे ७१ पौंड आले. दोहोंतला फरक दहा टक्क्यांच्या आत असावा हा सर्वमान्य दंडक आहे. येथे तो तेरा टक्क्यांच्या आसपास होता. रिंगा नव्या आहेत, चालल्यावर बसतील, असे धरून पुढे जाण्यात आले. या टप्प्यावर हा निर्णय वाजवी होता, कारण कमी दाबाचा सिलिंडर ताकद कमी देतो, पण त्याने इंजिन मोडत नाही.

तिसरा निर्णय: इंधन

मालकाला रॉकेल हवे होते. वडील त्यावरच चालवत असत, आणि त्या धुराचा वास त्याच्या आठवणीत होता. परंतु रेशनचे रॉकेल आता पूर्वीसारखे मिळत नाही, आणि बाहेरून घेतलेल्या रॉकेलात स्वस्ताईचा फायदा उरत नाही. कमी कॉम्प्रेशनचे हेड पेट्रोलवर चालवण्यात ठोक्याचा धोका नव्हता, फक्त तेवढ्या पेट्रोलात जास्त ताकद काढता आली असती ती मिळणार नव्हती. म्हणून हेड तसेच ठेवून फक्त पेट्रोलवर चालवायचे ठरले. तोटी आणि रॉकेलची नळी मात्र काढली नाही. भविष्यात कोणाला मूळ रूपात न्यायचे असेल तर भाग जागेवर असावेत, हा अण्णांचा नेम आहे.

पेट्रोलचाही प्रश्न होताच. आता मिळणाऱ्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि १९८६ सालच्या रबरी नळ्या, पडदे आणि वॉशर त्यासाठी बनवलेले नव्हते. जुन्या नळीचा तुकडा बाटलीत पेट्रोलात घालून ठेवला तेव्हा चौथ्या दिवशी तो फुगून मऊ पडला आणि बाटलीच्या तळाला काळे कण साचले. सर्व नळ्या, इंधनपंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची सुई बदलली. तेलाच्या बाबतीत मोटरसायकलचे टू-टी तेल न घेता पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचे टीसी-डब्ल्यू३ दर्जाचे तेल घेतले. आउटबोर्ड थंड चालते, आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनासाठीच्या तेलातल्या द्रव्यांची राख त्यात साचून राहते. सुरुवातीच्या तासांसाठी लिटरमागे २० ऐवजी ४० मिलिलिटर तेल घालायचे ठरले.

चौथा निर्णय: न उघडलेले झाकण

आता मुख्य मुद्दा. खाडीचे पाणी खालच्या अंगातील इम्पेलर (पाण्याच्या पंपाचे पात्यांचे चाक) वर फेकतो, ते नळीतून ब्लॉकमध्ये जाते, एक्झॉस्टच्या झाकणामागच्या पोकळीतून फिरून सिलिंडरांभोवती आणि हेडमध्ये पोचते, आणि मग एक्झॉस्टबरोबर बाहेर पडते. इंजिनाच्या मागे जी बारीक धार दिसते ती पंप चालू असल्याची खूण. किनाऱ्यावर सगळे त्या धारेकडे पाहूनच 'पाणी मारता' असे म्हणतात आणि निर्धास्त होतात.

इम्पेलर नवा घातला. तोही सहज मिळाला नाही. एका दुकानातून आणलेला पहिला इम्पेलर बाह्य व्यासात जवळजवळ दीड मिलिमीटर लहान निघाला. तो बसत होता, फिरतही होता, पण त्याची पाती घराच्या भिंतीला नीट टेकत नव्हती. मोजमाप घेतले नसते तर कळले नसते. दुसरा, योग्य मापाचा, मुंबईहून आला.

राहिले पाण्याचे मार्ग. हेडमधले मार्ग उघडे होते, ते खरवडून स्वच्छ झाले. एक्झॉस्टच्या झाकणाचे दहा बोल्ट मात्र हेडच्या बोल्टांपेक्षाही वाईट दिसत होते. अण्णांनी पाना लावला, एका बोल्टाने कुरकुर केली, आणि त्यांनी पाना खाली ठेवला. दोन बोल्ट तुटल्याची आठवण ताजी होती. झाकण न काढता आतला क्षार विरघळवायचा असे ठरले. गावातल्या एकाने त्यासाठी आगळ सुचवले. कोकमाच्या आंबटाने तांब्या-पितळेची भांडी लखलखतात हे खरे, पण आगळात मीठ असते, आणि ज्या रोगावर औषध शोधायचे तेच आत ओतण्यासारखे झाले असते. शेवटी पाण्यात व्हिनेगर मिसळून ते पाण्याच्या नळीतून आत भरले, चार तासांनी काढले आणि गरम गोड्या पाण्याने धुतले. आम्ल फार वेळ ठेवले तर ते ॲल्युमिनियमही खाते, त्यामुळे चार तासांहून जास्त ठेवायचे धाडस झाले नाही. बाहेर आलेले पाणी गढूळ होते, मग स्वच्छ आले. मार्ग मोकळा झाला असा निष्कर्ष काढला गेला.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात २०० लिटरच्या पिंपात इंजिन बांधून दोरी ओढली आणि सातव्या ओढीला ते पेटले. मागे धार जोरात होती. दहा मिनिटे मंद गतीने चालवून बंद केले. पडवीत चहा झाला.

घटना

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी पातीला इंजिन लावून खाडीत नेले. पातीत अण्णा, मालक आणि प्रस्तुत लेखक होते. भरती संपत आली होती. पाच-सहा मिनिटे मंद चालवल्यावर मालकाने गती वाढवली. इंजिनाचा आवाज सुरेख होता, आणि ज्याने वडिलांना हेच इंजिन चालवताना पाहिले त्या माणसाला त्या क्षणी हळू चालव म्हणायला कोणाची जीभ रेटली नाही. साधारण आठ मिनिटांनी रंग करपल्यासारखा वास आला. अण्णांनी धारेकडे पाहिले, धार जशीच्या तशी होती. त्यांनी बंद करायला सांगितले. मालक म्हणाला, "अण्णानू, पाणी मारता हा, मगे भियाचा कित्याक?" तेवढ्यात इंजिनाचा जोर आपोआप उतरू लागला. अण्णांनी स्वतः हात घालून ते बंद केले.

वरचे झाकण काढून अण्णांनी हेडवर खाडीच्या पाण्याचे थेंब शिंपडले. ते तव्यावरच्या पाण्यासारखे चुरचुरून उडाले. तोवर ओहोटी लागली होती, आणि तिघांनी वल्ही मारीत जेटी गाठायला पाऊण तास लागला. वल्ही बरोबर घेतली होती ही त्या दिवसाची एकमेव दूरदृष्टी.

पुढील आठवड्यात कॉम्प्रेशन मोजले. खालच्या सिलिंडरचे ७१ तसेच होते. वरच्याचे ८२ वरून ६४ वर आले होते. जो सिलिंडर धड होता तोच गेला. त्याचे कारण असे की पाणी कमी पडले की वाफ आणि उष्णता वरच्या भागात साठते. ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी स्लीव्हपेक्षा जास्त फुगतो, दोहोंमधली फट संपते, तेलाचा थर फाटतो आणि धातू धातूला घासतो. वरच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला बोटभर रुंद ओरखडे होते.

आता एक्झॉस्टचे झाकण उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. आतली पोकळी तीन-चतुर्थांश बुजलेली होती. चुन्यासारखा कडक थर, त्यात मीठ आणि या किनाऱ्यावरची काळी रेती घट्ट बसलेली. व्हिनेगरने त्या थरातून पेन्सिलीएवढी एक वाट काढली होती, आणि स्वच्छ आलेले पाणी त्या वाटेचे होते. बाहेरची धार तर या पोकळीच्या आधीच फुटते. म्हणजे ती पंपाची साक्ष देत होती, हेडमध्ये पाणी पोचते की नाही याच्याशी तिचा संबंध नव्हता. मंद गतीत तेवढे पाणी पुरत होते म्हणून पिंपातल्या चाचणीत काही कळले नाही.

दुसरी दुरुस्ती आणि निष्पत्ती

पोकळी लाकडी पट्टीने आणि पितळी ब्रशने कोरून काढली. ब्लॉक कोल्हापूरला नेला. लेथवाल्याने मोजून सांगितले की पाव मिलिमीटर वाढवून खालच्या सिलिंडरचे खड्डे जाणार नाहीत. दोन्ही सिलिंडर अर्धा मिलिमीटर वाढवून घेतले आणि त्या मापाचे पिस्टन व रिंगा बसवल्या. जोडताना बोल्ट स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत असा मालकाचा आग्रह होता. ते गंजत नाहीत हे खरे, पण त्यांच्या शेजारचे ॲल्युमिनियम जास्त वेगाने झिजते. म्हणून प्रत्येक बोल्टला सागरी ग्रीस भरपूर लावूनच ते बसवले. गिअरबॉक्सला नवी सीले बसवून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे तपासले. तेल खालच्या भोकातून वर चढवत भरले. नवा जस्ताचा तुकडा बसवला आणि त्याला रंग लागणार नाही याची काळजी घेतली.

एप्रिलच्या मध्यावर पुन्हा चाचणी झाली. या वेळी तापमान मोजायचे ठरले होते. मालकाने आणलेली कपाळावर धरायची तापमापी कुचकामी ठरली, ती माणसाच्या तापापलीकडचे काही दाखवतच नाही. अण्णांनी वर्कशॉपमधल्या जुन्या मित्राकडून यंत्रांसाठीची इन्फ्रारेड बंदूक मागवली. अर्ध्या गतीवर वीस मिनिटांनी हेडचे तापमान ६४ अंश सेल्सिअस भरले. दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन ८६ आणि ८४ पौंड. मे अखेरपर्यंत इंजिन खाडीत अकरा तास चालले.

पहिल्या टप्प्याचा खर्च ९,८०० रुपये आणि दुसऱ्याचा ८,६०० रुपये, एकूण १८,४०० रुपये झाला. सुरुवातीलाच बोअर केले असते आणि झाकण उघडले असते तर पहिल्या रिंगा, एक हेड गॅस्केट, होनिंग आणि कोल्हापूरची एक फेरी वाचली असती. वहीतल्या नोंदींप्रमाणे ही रक्कम चार हजारांच्या आसपास आहे. अण्णांचे तास यात धरलेले नाहीत आणि ते धरलेले त्यांना आवडणारही नाही.

मालकाला या इंजिनावर समुद्रात जायचे आहे हे एप्रिलमध्ये, चाचणी यशस्वी झाल्यावर, प्रथमच स्पष्ट झाले. अण्णांनी नकार दिला आणि कागदावर अटी लिहून दिल्या: फक्त खाडीत, पातीत दोन माणसे, वल्ही आणि नांगर बरोबर. मालक नाराज झाला, पण त्याने सही केली. ऑक्टोबरातच विचारले असते तर अण्णांनी कदाचित ओटीवर ठेवण्याचा पर्याय अधिक गांभीर्याने मांडला असता, किंवा पहिल्यापासून बोअर करूनच घेतले असते. समुद्रासाठी आणि हौसेसाठी दुरुस्तीचे माप एक नसते.

काय वेगळे करता आले असते

होनिंगच्या निर्णयाला लेखक फारशी चूक मानत नाही. त्याचे परिणाम मर्यादित होते आणि मापे घेऊन, धोका समजून तो घेतला गेला होता. मालकाचा हेतू न विचारणे ही चूक होती, पण ती सुधारता आली. झाकण न उघडण्याचा निर्णय वेगळ्या जातीचा आहे. त्यामागे मापन नव्हते, तुटलेल्या बोल्टाची धास्ती होती, आणि ती धास्ती व्हिनेगरच्या उपायाने झाकली गेली. एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाडी दुसऱ्या दिवशी मार्गावर जायलाच हवी असते, त्यामुळे जे उघडल्याने काम वाढेल ते न उघडण्याची सवय तिथे लागते, असे अण्णा स्वतःच म्हणाले. पडवीत त्यांच्यावर पावसाळ्याखेरीज कोणतीही मुदत नव्हती.

झाकण उघडायचे नव्हतेच, तरी पोकळी तपासायचे दोन उपाय हाताशी होते. हेड उतरवलेले असताना नळीतून मोजून एक लिटर पाणी ओतून ते ब्लॉकच्या तोंडातून किती वेळात बाहेर येते हे पाहता आले असते, आणि त्याच जातीच्या चालू इंजिनाशी तुलना करता आली असती. तसे इंजिन गावात एकाकडे आहे. दुसरा उपाय म्हणजे खाडीतल्या पहिल्याच चाचणीत, गती वाढवल्याबरोबर, हेडवर पाण्याचे थेंब टाकणे. चटका बसेल इतके हेड तापले तरी चालते, थेंब चुरचुरता कामा नये. याला उपकरण लागत नाही. खाडीत जे आठव्या मिनिटाला केले ते तिसऱ्या मिनिटाला केले असते तर वरचा पिस्टन वाचला असता. पिंपात हे कळले नसते, कारण पिंपात इंजिनावर भार येत नाही. त्यामुळे पिंपातली चाचणी पेटते की नाही एवढ्यापुरतीच मानावी, आणि पहिली फेरी जेटीला दोर बांधून, पंखा पाण्यात चालवत, जागच्या जागी भार देऊन करावी. एप्रिलमध्ये तसेच केले.

एक्झॉस्टच्या झाकणाच्या त्या दहा बोल्टांबद्दल वहीत अशी नोंद आहे: फिरती ज्योत, दोन दिवस तेलात मुरवण, नऊ सुटले, एक तुटला, तो नट वेल्ड करून निघाला. एकूण वेळ साडेपाच तास.